गोखल्यांचा जमाखर्च

सर्जापूर रोड, बंगळूर

चि. बाळ यास,

तुझे पत्र पावले. त्यात दोन मजकूर आहेत. तुमच्या मंडळात गोपाळ कृष्ण गोखल्यांवर बोलण्याची पाळी तुझ्यावर आली असून, सरकारदरबारी अर्जविनंत्या करण्यात हयात घालविलेल्या त्या मवाळ गृहस्थाविषयी अर्धा तास बोलावे तरी काय, असा तुला प्रश्न पडला आहे. आणि वस्तीतील पाणीटंचाईबद्दल वॉर्डाच्या सभेत जाऊन अंमलदारांना चांगले खडसावण्याचा तुझा बेत आहे. या दोहोंचा परस्परांशी संबंध आहे हे तुझ्या ध्यानात आलेले दिसत नाही. मला तो दिसतो, म्हणून पत्र लांबले तर कंटाळू नकोस.

आपल्या घरात टिळकांची तसबीर आहे, गोखल्यांची नाही. तुझे आजोबा तर गोखल्यांचे नाव निघाले की पानाचा डबा पुढे ओढीत आणि विषय बदलीत. तेव्हा तुझा ग्रह काही तू स्वतः कमावलेला नाही, तो वारशाने आला आहे. तो सोडून दे असे मी म्हणत नाही. त्याची एकदा तपासणी कर, एवढेच म्हणतो.

गोखल्यांचा जन्म १८६६ साली गुहागरजवळच्या कोतळूक गावी झाला. तेराव्या वर्षी वडील वारले, तेव्हा थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले ८ रुपये धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठविण्यास आरंभ केला. ज्याचे शिक्षण अशा रीतीने दुसऱ्याच्या पोटाला चिमटा घेऊन झाले, त्याला खर्चाचा प्रत्येक रुपया कोणाच्या खिशातून आला हे विचारण्याची खोड जन्मभर जडली असेल, असा माझा तर्क आहे. पुढे ते पुण्यास शिक्षक झाले, त्यांच्या अंकगणिताच्या पुस्तकावर कित्येक पिढ्यांनी उदाहरणे सोडविली. आणि न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली सरकारी अहवाल, कोष्टके आणि पार्लमेंटच्या ‘निळ्या पुस्तकां’चे ढीग उपसण्याची जी उमेदवारी त्यांनी वर्षानुवर्षे केली, तिच्यापुढे आपल्या परीक्षांची तयारी म्हणजे काहीच नव्हे. त्या उमेदवारीच्या बळावर वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, १८९७ साली, लंडनला वेल्बी कमिशनपुढे हिंदुस्थानच्या खर्चाविषयी साक्ष देताना ते उलटतपासणीला पुरून उरले.

आता २६ मार्च १९०२ चा दिवस घे. कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रक मांडले गेले होते, खजिन्यात भरघोस शिल्लक दिसत होती, आणि रिवाजाप्रमाणे सभासदांनी सरकारचे अभिनंदन करावयाचे होते. गोखल्यांनी ते केले नाही. त्यांनी असा हिशेब मांडला की, विलायतेतल्या रकमा पौंडांत भरावयाच्या असल्याने, रुपयाचा भाव घसरत गेला तशी सरकारने तूट भरून काढण्यासाठी कराची पट्टी चढविली. पुढे टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद झाल्यावर रुपया सोळा पेन्सांवर स्थिरावला, तूट नाहीशी झाली, परंतु चढविलेले कर मात्र तसेच राहिले. म्हणजे ही शिल्लक समृद्धीची नसून, दुष्काळ आणि प्लेग यांनी पिचलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा अधिक वसूल केलेल्या पैशाची आहे. मिठाचा दाखला त्यांनी विशेष आग्रहाने दिला: १८८८ साली मणामागे दोन रुपयांचा कर अडीच रुपयांवर नेला होता, आणि गरिबाच्या ताटातले मीठही त्यामुळे आखडले होते. त्या भाषणात शिवी नाही, आरोळी नाही. आकडे सरकारचे आणि निष्कर्ष गोखल्यांचा, त्यामुळे त्यांना खोटे पाडावे तर आधी स्वतःचेच दप्तर खोटे ठरवावे लागणार. १९०३ साली मिठाचा कर दोन रुपयांवर आला, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपयावर. हे सर्व श्रेय एकट्या त्या भाषणाचे असे मी म्हणणार नाही. पण गरिबाच्या घरात प्रत्यक्ष उतरलेले असे किती विजय त्या काळच्या गर्जनांच्या नावावर आहेत, ते तूच शोधून काढ.

त्यांच्या चरित्रात एक कडू प्रकरणही आहे, आणि तू ते तुझ्या भाषणातून गाळू नयेस. त्याच १८९७ साली, पुण्यातील प्लेगच्या झडत्यांत गोऱ्या शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे त्यांना विलायतेत पोहोचली आणि त्यांनी ती हकीकत तेथे जाहीर केली. परत आल्यावर पुरावा देण्यास कोणी उघडपणे पुढे येईना. तेव्हा त्यांनी बिनशर्त माफी मागितली आणि सारे पुणे त्यांच्यावर तुटून पडले. माझ्या मते त्या माफीत जरुरीपेक्षा अधिक नम्रता होती, आणि झडत्यांचा जुलूम काही काल्पनिक नव्हता. तरीही, जे सिद्ध करता येत नाही ते भर सभेत बोलल्याची किंमत स्वतःच्या लौकिकातून चुकती करणारा पुढारी मला आजही विरळाच दिसतो. १९०५ साली भारत सेवक समाज काढताना त्यांनी उमेदवारांना आधी काही वर्षे अभ्यासाची अट घातली, तिचे मूळ मला या प्रकरणात दिसते.

ते नेहमीच यशस्वी झाले असेही समजू नकोस. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे बिल १९१२ साली १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले, आणि १९१५ च्या फेब्रुवारीत, पन्नाशीही न गाठता, ते गेले. इंग्रजांच्या न्यायबुद्धीवर त्यांनी फार काळ भरवसा ठेवला, हा आजोबांचा आक्षेप मला मान्य आहे. परंतु सिंहगडावरून उतरून टिळक त्यांच्या अंत्ययात्रेस आले आणि स्मशानात त्यांच्याविषयी गौरवपर बोलले, हे आजोबांनी तुला सांगितले होते काय? इकडे बंगळुरात बसवनगुडीत डी. व्ही. गुंडप्पा या कन्नड साहित्यिकाने १९४५ साली गोखल्यांच्या नावाने सार्वजनिक विचारसंस्था काढली, ती आजही चालू आहे. कोकणातल्या माणसाचे ऋण मुळबागलच्या गुंडप्पांनी मानावे, आणि आपण घरात त्याच्या नावाने नाक मुरडावे, याचा विचार कर.

आता तुझ्या पाण्याचे. २०२४ च्या उन्हाळ्यात सर्जापूर रोडवर बोअरवेल आटल्या आणि आमच्या संकुलाच्या सभेत टँकरवाल्यांच्या नावाने रोज आरडाओरडा होऊ लागला. निष्पन्न काही होईना. एका मुलीने मात्र खुणा केलेली काठी घेऊन जमिनीखालच्या टाकीची पातळी प्रत्येक टँकरच्या आधी आणि नंतर मोजली, पहारेकऱ्याच्या वहीतली वेळ शेजारी लिहिली, आणि बारा हजार लिटरच्या पावतीमागे प्रत्यक्षात किती पाणी पडते याचा तक्ता भिंतीला लावला. त्याच मार्चमध्ये जिल्हा प्रशासनाने टँकरचे दर ठरवून दिले होते. त्यांची नक्कलही तिने खाली चिकटविली. पुढच्या सभेत आवाज कोणाचाच चढला नाही, आणि पुरवठ्याचा करार पंधरवड्यात बदलला.

तेव्हा १९०२ चे ते भाषण ग्रंथालयातून काढ आणि हातात पेन्सिल घेऊन वाच, बेरजा स्वतः करून पाहा. वॉर्डाला किती पाणी सुटते, कोणत्या दिवशी, कोणत्या नळावर, याचा तपशील माहितीच्या अधिकाराखाली माग; उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, म्हणून सभेच्या तारखेचा घोळ घालू नकोस. अर्जात प्रश्न थोडे आणि नेमके असावेत, विशेषणे नसावीत. मसुदा धाडण्यापूर्वी मला दाखव. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अप्पाकाका