गाडी ‘टक्’ करते, पण सुरू होत नाही : दोष कसा शोधावा?

प्रवासाची सर्व सिद्धता झालेली असते. सामान डिकीत ठेवलेले असते, मंडळी गाडीत बसलेली असतात. चालक किल्ली फिरवतो आणि इंजिनाच्या घरघरीऐवजी केवळ ‘टक्’ असा आवाज येतो. दिवे लागतात, हॉर्नही वाजतो. तेव्हा बॅटरी उत्तम आहे, असे एक जण ठामपणे सांगतो. दुसरा लगेच नवी बॅटरी आणण्याचा सल्ला देतो. हे दोन्ही निष्कर्ष घाईचे ठरू शकतात. दोष कधी बॅटरीत असतो, तर कधी केवळ एका सैल टर्मिनलमध्ये. तो नेमका कोठे आहे हे ओळखता आले, तर हजारो रुपयांचा अनाठायी खर्च टळतो.

आवाज कशाचा?

किल्ली फिरवली की अल्प विद्युतप्रवाह स्टार्टरवरील सॉलेनॉइडकडे जातो. तेथील लोखंडी दांडा आत खेचला जातो. तो स्टार्टरचे दातेरी चाक इंजिनाच्या फ्लायव्हीलला जोडतो आणि मोटरकडे जाणारा जाड तारेचा मार्ग खुला करतो. ‘टक्’ हा आवाज या दांड्याचा. म्हणजे किल्लीपासून सॉलेनॉइडपर्यंतचा मार्ग बहुधा ठीक असतो. अडचण त्याच्या पुढे, मोठ्या प्रवाहाच्या वाटेवर असते.

समोरच्या दोन हॅलोजन दिव्यांना सुमारे ९ ते १० अँपिअर प्रवाह पुरतो. स्टार्टरला मात्र १०० ते २०० अँपिअर लागू शकतात. म्हणूनच दिवे लागले, एवढ्यावरून बॅटरी सशक्त आहे असे सिद्ध होत नाही.

आवाजावरून अनुमान

‘टक्-टक्-टक्’ असा जलद आवाज येत असेल, तर बॅटरी क्षीण आहे किंवा जोडणी सदोष आहे, असे समजावे. मोटर प्रवाह ओढू लागताच व्होल्टेज कोसळते, सॉलेनॉइड सुटतो. भार जाताच व्होल्टेज सावरते आणि तो पुन्हा खेचला जातो. हेच चक्र वेगाने चालू राहते.

एकच ‘टक्’ होऊन दिवे पूर्ववत प्रखर राहिले, तर मोटरकडे प्रवाह पोहोचतच नाही. सॉलेनॉइडचे संपर्क किंवा कार्बन ब्रश झिजल्याची शक्यता अधिक. एकाच ‘टक्’बरोबर दिवे अगदी मंद झाले, तर बॅटरी, जोडणी किंवा अडकलेली मोटर यांचा विचार करावा. गाडी पुराच्या पाण्यातून आली असल्यास मात्र पुन्हा सेल्फ मारूच नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल, तर इंजिनाची मोठी हानी होते.

तपासणीचा क्रम

प्रथम गिअर न्यूट्रलमध्ये, स्वयंचलित गाडीत ‘पी’वर ठेवून हँडब्रेक लावावा. बॅटरीजवळ धूम्रपान करू नये, कारण तिच्यातून ज्वलनशील हायड्रोजन वायू बाहेर पडू शकतो.

१. टर्मिनल हाताने हलवून पाहावे. ते हलत असेल, किंवा त्यावर पांढरा-निळसर थर असेल, तर दोष बहुधा सापडला. अशा जागी केवळ ०.०२ ओहम रोध असला, तरी १५० अँपिअर प्रवाहाला ३ व्होल्ट वाटेतच गमवावे लागतात. सफाईसाठी आधी ऋण टर्मिनल काढावे, नंतर धन. खाण्याच्या सोड्याचे पाणी वापरून ब्रशने घासावे. ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. कोरडे करून आधी धन व शेवटी ऋण टर्मिनल घट्ट बसवावे.

२. काही तास उभ्या असलेल्या गाडीत मल्टिमीटरने बॅटरी मोजावी. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भारित, १२.२ म्हणजे सुमारे अर्धी. १२ च्या खाली ती जवळजवळ रिकामी असते.

३. दुसऱ्या व्यक्तीला सेल्फ मारण्यास सांगून पुन्हा मोजावे. भारित बॅटरीचे व्होल्टेजही ९.६ च्या खाली गेले, तर तिची क्षमता संपत आली असावी. व्होल्टेज १२ च्या आसपास टिकले आणि मोटर फिरली नाही, तर जाड तारा, इंजिनाचे अर्थिंग व स्टार्टर यांची तपासणी मेकॅनिककडून करवावी.

दुसऱ्या गाडीची मदत

जंपर केबल जोडताना वाहनाची पुस्तिका पाहावी. सामान्य क्रम असा : लाल तार आधी बंद गाडीच्या व मग चालू गाडीच्या धन टर्मिनलला, काळी तार चालू गाडीच्या ऋण टर्मिनलला आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून दूर. काढताना क्रम उलटा. स्वयंचलित गाडी धक्का देऊन सुरू करण्याचा प्रयत्न करू नये.

गाडी सुरू झाली म्हणजे काम संपले असे नव्हे. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारणतः १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. ते १२ च्या घरातच राहिले, तर अल्टरनेटरची तपासणी आवश्यक आहे. अन्यथा नवी बॅटरीही काही दिवसांत रिकामी होईल आणि तोच ‘टक्’ पुन्हा ऐकू येईल. आधी मोजमाप आणि मग खरेदी, हा नियम पाळणाऱ्याचा पैसाही वाचतो व प्रवासही.