संत्र्याची रेल्वे वाहतूक : पूर्ण डबा केव्हा परवडतो?

आंबिया बहराची संत्री एकदम बाजारात आली की स्थानिक भाव उतरतात. अशा वेळी दिल्ली, कोलकाता यांसारख्या दूरच्या बाजारात माल पाठविणे फायद्याचे ठरू शकते. नागपूर, काटोल, नरखेड, वरुड भागातील बागायतदारांना त्यासाठी रेल्वेचा मार्ग जवळ आहे. मात्र भाड्याचे गणित समजून घेतल्याशिवाय डबा मागवू नये.

रेल्वेने फळे दोन प्रकारे पाठविता येतात. थोडा माल असेल तर तो पार्सल कार्यालयात वजनावर नोंदविला जातो. माल जास्त असेल तर पूर्ण पार्सल डबा मागविता येतो. मोठ्या पार्सल डब्याची क्षमता २३ टन असते. येथे महत्त्वाची गोष्ट अशी की, पूर्ण डब्याचे भाडे त्याच्या क्षमतेवर आकारले जाते. डबा अर्धा भरला तरी भाडे पूर्णच द्यावे लागते.

उदाहरणादाखल, एका डब्याचे भाडे ६९,००० रुपये आहे असे समजू. २३ टन माल भरल्यास किलोला ३ रुपये खर्च येतो. तोच डबा १५ टनांवर सोडल्यास किलोला ४ रुपये ६० पैसे पडतात. हा फरक थेट आपल्या नफ्यातून जातो. फळांसह एका क्रेटचे वजन २२ किलो धरले तर डबा भरण्यास सुमारे १,०४५ क्रेट लागतात. एकट्या लहान बागायतदाराला एवढा माल एका दिवशी जमविणे कठीण असते. म्हणून पाच-दहा जणांनी एकत्र येऊनच मागणी नोंदवावी.

१४ ऑक्टोबर २०२० रोजी नागपूरहून दिल्लीच्या आदर्शनगरसाठी संत्र्याची किसान रेल्वे सुटली. त्या योजनेत थोडा मालही घेतला जाई व फळांना भाड्यात ५० टक्के सवलत होती. ती सवलत आता गृहीत धरू नये. हिशेब पूर्ण भाड्यावरच करावा.

डबा मागविताना पुढील काळजी घ्यावी :

१. मागणीपूर्वी पार्सल कार्यालयातून चालू दर, नोंदणी रक्कम व भरण्याची मुदत विचारून घ्यावी.

२. डबा मिळण्याचा दिवस कळल्यावरच तोडीचे वेळापत्रक ठरवावे. दवाने ओली फळे तोडू नयेत. डागी, दबलेली फळे वेगळी काढावीत.

३. हमाल व क्रेट आधीच तयार ठेवावेत. ठरलेल्या वेळेत डबा भरला वा रिकामा केला नाही तर विलंब आकार, म्हणजे डेमरेज, भरावे लागते.

४. थरांमध्ये हवा खेळेल अशी जागा सोडावी. क्षमतेपेक्षा जास्त माल भरू नये. त्यावर दंड आहे.

५. वजन व नगांची संख्या अचूक लिहून रेल्वे पावती घ्यावी. प्रत्येक शेतकऱ्याच्या क्रेटवर वेगळी खूण करावी, म्हणजे पट्टी आल्यावर वाद होत नाहीत.

६. मालकाच्या जोखमीचा दर स्वस्त असतो. परंतु नुकसान झाल्यास रेल्वेचा निष्काळजीपणा आपल्याला सिद्ध करावा लागतो. दर निवडताना हे लक्षात घ्यावे.

७. माल खराब अवस्थेत पोहोचल्यास तेथील अडत्याने तो रेल्वे कर्मचाऱ्यांसमोर उघडून घ्यावा व नुकसानीची नोंद करून घ्यावी. भरपाईची लेखी नोटीस माल रेल्वेच्या ताब्यात दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत द्यावी लागते. दावे नागपूर येथील रेल्वे दावा न्यायाधिकरणाच्या खंडपीठाकडे नेता येतात.

थोडक्यात, आधी माल व माणसे जमवावीत, मग डबा मागवावा. डबा पूर्ण भरला आणि वेळेत सुटला तरच रेल्वेची वाहतूक स्वस्त पडते.