लहान घराचा सण
(शास्त्रपाठ : निर्गम 12:1–10)

निर्गमाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडण सणाची स्थापना सांगितली आहे. हा अध्याय वाचताना आपले लक्ष दाराच्या चौकटीवरील रक्ताच्या खुणेकडे आणि मिसरातून निघण्याच्या घाईकडे जाते, व ते योग्यच आहे. परंतु तिसऱ्या व चौथ्या वचनांत स्वयंपाकघराचा एक नियम आहे. त्यावर उपदेश झालेला मी तरी फारसा ऐकला नाही. नियम असा की, घराण्यामागे एक कोकरू घ्यावे. पण ज्या घरी माणसे थोडी असल्यामुळे कोकरू सरणार नाही, त्या घराने आपल्या लगतच्या शेजाऱ्याबरोबर मिळून ते घ्यावे. आणि घेताना माणसे किती व प्रत्येकाचे खाणे किती ह्याचा हिशेब करावा. दास्यातून सुटण्याच्या त्या थोर रात्री देवाने लहान घराची आठवण ठेवली, आणि अन्न मोजून घेण्यास सांगितले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

नाताळ आणि वल्हांडण हे दोन निरनिराळे सण होत. एकाचा विधी दुसऱ्यास चिकटवावा हा माझा हेतू नाही. नाताळच्या जेवणाविषयी शास्त्रात एकही आज्ञा नाही, आणि ‘नाताळ’ हा आपला शब्द तर पोर्तुगीज भाषेतून आलेला आहे. तथापि लहान घराने सण कसा करावा हा जो प्रश्न ह्या वचनांत आहे, तो आज आपल्या गावोगावच्या मंडळ्यांपुढे उभा आहे. ज्या अंगणात पूर्वी वीस पाने मांडली जात, तेथे आता दोन वृद्ध माणसे बसलेली दिसतात. मुलगा पिंपरी-चिंचवडला कारखान्यात, मुलगी नाशिकला परिचारिका. सुटी मिळाली तर येतात, न मिळाली तर दूरध्वनीवर बोलतात. अशा घरी दोहोंपैकी एक चूक होते. एक तर हाताच्या जुन्या सवयीने वीस जणांचे रांधले जाते, किंवा चूल मुळीच पेटत नाही.

दुसऱ्या चुकीत माझाही वाटा आहे. अठरा वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यातील एका खेड्यात माझी पहिली नेमणूक झाली होती. नाताळच्या दिवशी उपासना आटोपल्यावर मी घरोघर भेटीस निघालो. प्रत्येक घरी करंजी, शंकरपाळे, लाडू; दुपारपर्यंत माझी अवस्था अशी झाली की पाण्याचा घोटही उतरेना. गल्लीच्या टोकाला एका वृद्ध विधवेचे घर होते. दार लोटलेले दिसले. बाई लेकीकडे गेली असावी असे मनाशी ठरवून मी परतलो. दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर भेटली. मी विचारले, “आजी, काल कोठे होता?” ती म्हणाली, “घरीच होते, पाळकसाहेब. एका जिवासाठी काय चूल पेटवायची? आदल्या दिवशीची भाकरी होती, ती चटणीशी खाल्ली.” तिच्या भिंतीला लागून असलेल्या घरी त्या दिवशी मटणाची हंडी शिजत होती. त्यांनी ऐन जेवणाच्या वेळी पोराला पाठवून तिला बोलावले होते, आणि “मी जेवले” असे तिने सांगितले. असे ऐनवेळी बोलावले म्हणजे भुकेला माणूसही जेवलो म्हणतो, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे.

आता वचन पुन्हा काळजीपूर्वक वाचा. मोठ्या घराने लहान घरास घासभर वाढावे असे तेथे म्हटलेले नाही. दोन घरांनी मिळून कोकरू घ्यावे असे म्हटले आहे. कोकरू दोघांचे, हिशेब दोघांचा. तेथे कोणी दाता नाही आणि कोणी आश्रित नाही. पहिल्या शतकातील यहूदी इतिहासकार योसेफस लिहितो की, त्याच्या काळी वल्हांडणाच्या एका यज्ञपशूभोवती दहांहून कमी माणसे बसत नसत, कित्येकदा वीसही असत. एकट्याने हे भोजन करणे त्यांच्या रीतीस धरून नव्हते. पुढच्या वर्षी आम्ही त्या आजींना पंधरा दिवस आधी विचारले : आमच्या घरी आम्ही दोघे व एक मूल, तुम्ही एकट्या, तर आपण मिळून सण करू या काय? त्यांनी लगेच होकार दिला नाही. आधी विचारले, “माझ्याकडे काय?” बाजरीचे पीठ व भाकरी तुमच्याकडे, असे माझ्या पत्नीने सांगितले तेव्हा त्या हसल्या. सणाच्या दिवशी त्यांनी माझ्या पत्नीच्या भाकरीस नाव ठेवले, तवा तिच्या हातून काढून घेतला, आणि त्या चुलीपुढे बसल्या. त्या दिवसापासून त्या आमच्या घरी पाहुण्या राहिल्या नाहीत.

तेव्हा चार माणसांचे हे जेवण कसे योजावे ते आता सविस्तर सांगतो. उपदेशक बंधूंनी हा भाग गाळू नये.

वल्हांडणाचे कोकरू दहाव्या दिवशी निवडून चौदाव्या दिवसापर्यंत राखावयाचे होते. म्हणजे चार दिवसांची तयारी. आपणही 21 डिसेंबरला बसून कागदावर लिहावे : जेवणारे कोण, त्यांपैकी कोणास तिखट सोसत नाही, कोणाचे दात नाहीत, हाताशी पैसे किती. हा कागद झाल्यावाचून बाजारास जाऊ नये. बाजारात गेल्यावर मनुष्य डोळ्यांनी विकत घेतो. सणासाठी काढलेले कर्ज फेडता फेडता होळी येते, आणि ज्याच्या जन्माचा आनंद केला त्याचे नाव त्या तगाद्यात कोणासही आठवत नाही. फराळाचेही तसेच. तेलात तळण्याचे पाच जिन्नस दोन माणसांच्या घरास कशाला हवेत? एकच करावा, आणि तोही शेजारणींनी एकत्र बसून. एकीने लाटावे, दुसरीने भरावे, तिसरीने तळावे. करंज्यांच्या बाबतीत आपल्या बायका हे पूर्वीपासून करीत आल्या आहेत.

चौघांस हाडांसह अर्धा किलो मटण पुरते, कारण रस्सा भाकरीशी खावयाचा असतो. पाऊण किलो बाजरीच्या पिठाच्या मध्यम आकाराच्या आठ-नऊ भाकरी होतात. बाजरी खरिपाचे पीक असल्यामुळे डिसेंबरात नवी मिळते; जुन्या पिठास कडवटपणा येतो, म्हणून दळण सणाच्या दोन-तीन दिवसच आधी आणावे. तांदूळ एक वाटी घ्यावा. शिजून त्याच्या सुमारे तीन वाट्या होतात आणि भाकरीनंतर तेवढा भात पुष्कळ झाला. गोडास गव्हाची खीर करावी. हिला खर्च थोडा, आणि दात नसलेल्या माणसासही ती खाता येते. सडलेला गहू एक वाटी, गूळ पाऊण वाटी, दूध अर्धा लिटर, मूठभर खोबऱ्याचा कीस, थोडी सुंठ अथवा वेलदोडा. ताटात कांदा, मुळा, लिंबू. एवढे पुरे.

24 तारखेच्या संध्याकाळी, गाणारी मुले दारी येण्यापूर्वी, तीन कामे उरकावी. गहू धुऊन भिजत घालावा. दोन कांदे व अर्धी वाटी सुके खोबरे खरपूस भाजून, आले, लसूण व कोथिंबीर घालून वाटण वाटून ठेवावे. हे वाटण ज्यांच्या घरी शीतकपाट आहे त्यांनी त्यात ठेवावे. इतरांनी कांदा-खोबरे नुसते भाजून ठेवावे आणि सकाळी वाटावे. तांदूळ निवडावा. ही कामे पुरुषाने केली तर काही बिघडत नाही. मार्थेची तक्रार (लूक 10:40) आपण व्यासपीठावरून दोषास्पद ठरवतो, आणि उपासना संपल्यावर तिच्याच हातचे जेवावयास बसतो. तिची बहीण प्रभूच्या पायांशी बसली होती, आणि जेवणारे पुरुषही बसलेलेच होते. आपल्या मंडळीतील किती भगिनी नाताळच्या उपासनेस शेवटच्या गीताच्या वेळी पदर सावरीत येतात, हे पाळकांनी एकदा मोजावे.

25 तारखेस सकाळी भिजलेला गहू कुकरमध्ये मऊ शिजवावा. गूळ आधी घालू नये. गहू मऊ होण्यापूर्वी गूळ पडला तर दाणा तसाच टणक राहतो. दूधही गुळाबरोबर चुलीवर उकळू नये, फाटते. खीर वाढताना प्रत्येकाच्या वाटीत वरून दूध घालावे, हे उत्तम.

मटण आणल्याबरोबर धुऊन हळद, मीठ व आले-लसूण लावावे. पातेल्यात थोड्या तेलावर एक चिरलेला कांदा परतून त्यात मटण घालावे, झाकणावर पाणी ठेवावे आणि मंद आच करावी. मटणास सुटलेले पाणी आटू लागले म्हणजे झाकणावरचे तेच गरम पाणी आत घालावे. गार पाणी घालू नये. कोवळे मटण सव्वा तासात शिजते, जून असेल तर अधिक वेळ लागतो. कुकर असल्यास चार-पाच शिट्यांनंतर दहा मिनिटे मंद आच पुरे. ह्या वेळी जो रस तयार होतो त्यास आपण अळणी म्हणतो. मसाला घालण्यापूर्वी त्यातील दोन वाट्या रस व चार मऊ फोडी मुलासाठी आणि वृद्धांसाठी वेगळ्या काढाव्या. लहान घराने दोन भाज्या रांधण्याचे कारण नाही. एकाच हंडीतून दोन चवी निघतात. उपासनेची वेळ झाली तर अळणी खळखळून उकळावी, झाकण घट्ट लावावे, आणि परत येईपर्यंत ते उघडू नये. आल्यावर पुन्हा उकळी आणावी. दुसऱ्या भांड्यात तेलावर वाटण तेल सुटेपर्यंत परतून त्यात काळा मसाला दोन चमचे घालावा, मग मटण व रस घालून दहा मिनिटे उकळावे. इकडे रस्सा उकळतो तोवर तिकडे भाकरी होतात. दोन घरे मिळून सण करीत असल्यामुळे चुलीपुढे दोन माणसे आहेत. एकटीस हे अर्ध्या तासात साधले नसते.

ज्यांस मटण परवडत नाही अथवा जे खात नाहीत, त्यांनी ह्याच वाटणात भरली वांगी करावी, किंवा सवड असल्यास मासवडी. मासवडीत मासा नसतो. बेसनाच्या उकडीत तीळ-खोबऱ्याचे सारण भरून वड्या पाडतात, आणि आमच्या भागात ती कोणत्याही मेजवानीत मानाने बसते. कोणी मटण आणले नाही म्हणून त्याच्या घरी सण झाला नाही असे बोलणारी जीभ मात्र मंडळीत असू नये.

उरलेल्या अन्नाविषयी एक शब्द. वल्हांडणाचे मांस सकाळपर्यंत ठेवू नये, उरले तर जाळून टाकावे, असे दहाव्या वचनात आहे. त्याचा अर्थ धार्मिक आहे. पण हिशेबाने रांधणाऱ्यास ते वचन पाळणे जड जात नाही हेही खरे. शिजलेला भात व रस्सा दोन तासांहून अधिक वेळ उघड्यावर राहू देऊ नये. भाताची ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते : तो वरून चांगला दिसतो, वासही येत नाही, आणि तरी पोट बिघडवतो; आणि पुन्हा तापविल्याने तो दोष नेहमी जात नाही. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात आम्ही दोघांनी आठ जणांचे रांधले आणि 26 तारीख अंथरुणात काढली.

उपदेशक बंधूंस शेवटी एवढेच विचारावयाचे आहे की, आपल्या गावी एक किंवा दोन माणसांची घरे किती आहेत? सणापूर्वी दोन रविवार आधी त्यांची यादी करावी आणि कोण कोणाच्या लगत राहते ते पाहावे. मग त्या त्या घरी जाऊन दोन्हीकडच्या बायकांस विचारावे, कारण कोणाचे कोणाशी जमते हे त्या जाणतात. यादीवरून आपणच जोड्या लावू नयेत. पीठ कोणाचे, गूळ कोणाचा, मटणाचे पैसे कसे वाटावयाचे, हे त्याच वेळी ठरवून घ्यावे. ज्याच्यापाशी पैसे नाहीत त्याच्याकडे सरपण, दूध, लिंबे, किंवा दोन हात असतील. तो त्याचा वाटा म्हणून कागदावर लिहावा. ही यादी मंडळीत वाचून दाखवू नये.