बुरशीचा आजार आणि पेशींची कुमक

वाशीम जिल्ह्यात सोयाबीनची मळणी सुरू झाली की कुटाराची धूळ गावभर पसरते. ओलसर कुटार, उकिरडा, शेणखताचा ढीग यांत वाढणाऱ्या बुरशीचे सूक्ष्म बीजाणू या धुळीसोबत प्रत्येकाच्या श्वासात जातात. निरोगी माणसास त्याचे काही वाटत नाही. रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांचा परस्पर निकाल लावतात. ज्याच्या शरीरात दुसऱ्याचे मूत्रपिंड बसविले आहे, अथवा ज्याच्या अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण झाले आहे, त्याची गोष्ट वेगळी. प्रत्यारोपण टिकावे म्हणून जी औषधे त्यास घ्यावी लागतात, तीच या रखवालदार पेशींना दुर्बल करतात.

बुरशी काय करू शकते हे महाराष्ट्राने २०२१ मध्ये पाहिले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, विशेषतः मधुमेही व स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांत, म्युकरमायकोसिस फैलावला. अँफोटेरिसिन-बी इंजेक्शनचा तुटवडा पडला व वर्धा येथे त्याचे उत्पादन हाती घ्यावे लागले. हे औषध गुणकारी खरे, परंतु ते मूत्रपिंडास अपाय करू शकते. उसन्या मूत्रपिंडावर जगणाऱ्यापुढे यातून उभा राहणारा पेच उघड आहे.

म्हणूनच, रखवालदारांचीच कुमक पाठविता येईल काय, असा विचार पुढे आला. इटलीतील पेरुजा येथील डॉक्टरांनी अस्थिमज्जादात्याच्या रक्तातून ॲस्परजिलस बुरशीला ओळखणाऱ्या टी-पेशी निवडल्या, प्रयोगशाळेत वाढविल्या व रुग्णांना दिल्या. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार अशा १० रुग्णांपैकी ९ जणांचा संसर्ग हटला. २०१४ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन येथे टी-पेशींवर बुरशीच्या कवचातील शर्करा ओळखणारा ग्राहक बसविण्यात आला; तो प्रयोग उंदरांवरचा होता.

येथे उत्साहास थोडा आवर घालणे भाग आहे. पेशी तयार होण्यास आठवडे लागतात. बुरशी तितके थांबत नाही. शिवाय मूत्रपिंडाचे रक्षण करणारी औषधे या नव्या पेशींनाही निष्प्रभ करतात आणि औषधे कमी केली तर मूत्रपिंडच नाकारले जाण्याचा धोका असतो. त्यामुळे हा उपचार अद्याप संशोधनाच्या कक्षेतच आहे.

तंत्र मात्र राज्यास अपरिचित राहिलेले नाही. मुंबईच्या आयआयटी व टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहकार्यातून घडलेल्या ‘नेक्सकार १९’ या सुधारित टी-पेशींच्या उपचारास २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तो रक्ताच्या काही कर्करोगांवरील आहे, बुरशीवरील नव्हे; तथापि पेशी काढणे, बदलणे, वाढविणे व परत देणे हे कसब येथे रुजले.

विदर्भातील अवयवदानाचे समन्वयन नागपूरच्या केंद्रातून होते. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण परततो तो गावीच. मळणीच्या दिवसांत त्याने खळ्यापासून व बुरसटलेल्या कुटारापासून दूर राहावे. ताप-खोकला हटेनासा झाला, वा नाक कोंडून चेहरा दुखू लागला, तर घरगुती उपायांत दिवस न दवडता प्रत्यारोपण झालेल्या रुग्णालयास त्वरित कळवावे; नेहमीची औषधे मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत.