डोळे उघडे, पण भान नाही

‘डॉक्टर, पेशंट डोळे उघडतो. मग जेवणाची नळी काढणे म्हणजे उपाशी मारणेच ना?’ असे नातेवाईक विचारतात. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात टेरी शायव्हो हिच्यावरून नेमका हाच वाद पेटला होता.

१९९० साली, वयाच्या २६ व्या वर्षी तिचे हृदय अचानक बंद पडले. ते पुन्हा सुरू झाले. पण तोवर प्राणवायूअभावी मेंदूचा जाणिवेचा भाग कायमचा निकामी झाला होता. श्वास आणि झोप-जाग सांभाळणारा खालचा भाग शाबूत राहिला. म्हणून ती श्वास घेई, डोळे उघडत असे. भान मात्र नव्हते. हा मेंदूमृत्यू नव्हे. त्यात श्वासही आपोआप चालत नाही. आणि भूक जाणवायलाही भान लागते.

‘असे जगणे तिला नको होते,’ असे पती सांगत. ‘ती आम्हाला ओळखते,’ असे आईवडील म्हणत. लोक रस्त्यावर उतरले. अखेर १८ मार्च २००५ रोजी नळी काढली. त्यानंतर संसदेने खास कायदा केला, तरी ३१ मार्चला ती गेली. शवविच्छेदनात मेंदू जेमतेम ६१५ ग्रॅम, म्हणजे नेहमीच्या निम्मा भरला. दृष्टीचे केंद्रही नष्ट झाले होते.

आईवडिलांची माया खोटी नव्हती. पण तिची इच्छा कागदावर नव्हती, म्हणून घर सात वर्षे कोर्टात भांडले.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली असे इच्छापत्र मान्य केले. २०२३ पासून दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते. वाचकहो, धडधाकट असतानाच घरात हा विषय काढा.