नवे औषध कोणत्या तारखेला सुरू केले?

आपल्या शरीरातील प्रतिकारशक्ती रोगजंतूंशी लढते. परंतु काही आजारांत ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते. बोटांचे सांधे सुजवून वाकडे करणारा रूमॅटॉइड संधिवात हा त्यांपैकीच एक. त्यावरील सल्फासॅलाझिन हे औषध स्वीडनच्या डॉ. नाना स्वार्ट्झ यांच्या प्रयत्नांतून १९४० च्या सुमारास पुढे आले. बहुतेक रुग्णांना ते मानवते. मात्र क्वचित एखाद्या रुग्णात हेच औषध प्रतिकारशक्तीला भडकवते. या विकाराला डॉक्टर ‘ड्रेस’ म्हणतात. फिट्स, गाऊट व कुष्ठरोगावरील काही औषधांनीही तो होतो.

समजा, चाळिशीच्या एका भगिनीने हे औषध सुरू केले. चौथ्या आठवड्यात तिला ताप भरला, अंगावर लाल पुरळ उठले, चेहरा सुजला, मानेत गाठी आल्या. घरचे म्हणतात, “मूळ दुखणेच उसळले.” कधी डॉक्टरांनाही तसेच वाटते, कारण ताप, पुरळ व गाठी ल्युपससारख्या आजारांतही येतात. मग औषध चालूच राहते. यकृत, मूत्रपिंड किंवा हृदयाला इजा होते. काही रुग्ण यात दगावतात.

हे निदान एका तपासणीने होत नाही. पुढील गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

१) काळ : औषध सुरू केल्यापासून साधारण २ ते ८ आठवडे. औषधाचे साधे पुरळ बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच उठते.

२) रक्त : इओसिनोफिल पेशी वाढतात. उलट ल्युपस बळावल्यास पांढऱ्या पेशी बहुधा घटतात. मात्र स्टेरॉइड चालू असेल तर इओसिनोफिल दबलेल्या राहू शकतात, हे विसरू नये.

३) यकृत : डोळे पिवळे दिसत नसले तरी रक्तातील यकृताची एन्झाइम वाढलेली असू शकतात.

४) जंतुसंसर्ग : विषाणूजन्य कावीळ वगैरे नाही ना, याची खात्री करतात.

यांतील बहुतेक गोष्टींना ‘रेजिस्कार’ पद्धतीने गुण देतात. ४ किंवा ५ गुण असल्यास निदान संभाव्य, ६ पासून निश्चित मानतात.

अशी लक्षणे दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. नव्या औषधाचा पुढचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पण पूर्वीपासून चालू असलेले स्टेरॉइड आपल्या मनाने एकदम बंद करू नये. बरे झाल्यावर दोषी औषधाचे नाव कार्डावर लिहून कायम जवळ बाळगावे. ते पुन्हा कधीही घेऊ नये.

आमची सर्वांना एकच विनंती आहे. घरात एक वही ठेवा व प्रत्येक नव्या औषधाचे नाव आणि तारीख तीत लिहा. महागड्या तपासण्यांआधी डॉक्टरांना वाट दाखवते ती हीच तारीख.