होडी घेतली, आता पाणी शिका : जलाशयातील मासेमारीचे पहिले धडे



मराठवाड्याला समुद्र नाही, पण पाणी आहे. नांदेडजवळचा गोदावरीवरील विष्णुपुरी प्रकल्प, कंधार तालुक्यात बारूळ येथील मानार प्रकल्प आणि धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधारा ही आपल्या जवळची उदाहरणे. या नद्यांवर भोई बांधव पिढ्यान् पिढ्या मासेमारी करीत आले आहेत. आता काठावरचे काही शेतकरीही या जोडधंद्याकडे वळू लागले आहेत.

नायगाव तालुक्यातील अशाच एका तरुण शेतकऱ्याने सोयाबीनच्या दोन हंगामांत शिल्लक पडलेला पैसा होडी व जाळ्यांत घातला. महिनाभरात त्याची दोन जाळी बुडालेल्या झाडांत अडकून फाटली. मासा मिळाला तो वीतभर लांबीचा, आणि एका दुपारी वाऱ्यात होडी उलटता उलटता वाचली. प्रस्तुत लेखक पीकशास्त्राचा अध्यापक, त्यामुळे मीही एका वयोवृद्ध मच्छीमारांनाच सोबत घेऊन तेथे गेलो. त्यांनी जाळे पाहिले नाही, होडीही पाहिली नाही. पहिला प्रश्न विचारला, "तळ बघितलास का?" हा लेख त्या प्रश्नापासून सुरू होतो.

आधी हक्क, मग होडी

जलाशय काठावरचा असला तरी त्यातील मासा सर्वांचा नसतो. शासनाच्या जलाशयातील मासेमारीचा हक्क ठेक्याने दिला जातो व तो बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. ही संस्था पैसे खर्चून पाण्यात बोटुकली सोडते. म्हणून होडी विकत घेण्यापूर्वी संस्थेत व जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन चौकशी करावी. सभासदत्व किंवा परवाना मिळत असेल तरच पुढे जावे. मच्छीमारांना २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्डाची सोय झाली आहे आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. कर्ज, विमा व अनुदान यांची माहिती त्याच कार्यालयात लेखी घ्यावी.

तळाची ओळख

जमीन न पाहता आपण पेरणी करीत नाही. पाण्याचेही तसेच आहे. धरणाखाली जुने बांध, विहिरी, आंब्याची झाडे, कधी घरांच्या भिंतीही असतात. अशा जागी मासा आसऱ्याला येतो, पण जाळेही तेथेच फाटते.

तळ पाहण्याचा उत्तम काळ म्हणजे एप्रिल-मे. पाणी उतरले की गाळपेऱ्याच्या जमिनीतून पायी फिरावे. नदीचे जुने पात्र, ओढ्याचे मुख, खडक व खोडे यांची कागदावर नोंद करावी. गावातील म्हाताऱ्या माणसांना विचारावे. कोणाची विहीर कोठे होती हे त्यांना पाठ असते. उरलेले काम दोरीने होते. लांब दोरीच्या टोकाला दगड बांधावा, दर मीटरला गाठ मारावी आणि होडीतून दगड सोडून गाठी मोजाव्यात. काठावरची दोन ठळक झाडे किंवा देवळाचा कळस एका रेषेत धरला, तर तीच जागा पुन्हा सापडते.

जाळ्याचा आस कसा निवडावा

नवशिक्याने सुरुवात अडकवण जाळ्याने (गिलनेट) करावी. मासा आसात डोके घालतो, पुढे जाता येत नाही, मागे फिरताना कल्ला अडकतो. म्हणून आसाचा आकार हेच या जाळ्याचे मर्म होय. अपेक्षित लांबीपेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने लहान किंवा मोठा मासा त्यात फारसा सापडत नाही.

दुकानदार देईल ते जाळे घेऊ नये. बाजारात विक्रीयोग्य, साधारण एक किलोचा मासा घ्यावा. दोऱ्याने कल्ल्याच्या झाकणामागचा घेर मोजावा, मग पोटाचा सर्वांत जाड घेर मोजावा. आसाचा पूर्ण घेर या दोहोंच्या मधला असावा. समजा, कल्ल्याशी २२ सें.मी. आणि पोटाशी २७ सें.मी. भरले, तर २४ सें.मी. घेराचा आस योग्य. असा आस ताणून मोजला की १२ सें.मी. भरतो. काही दुकानदार गाठीपासून लगतच्या गाठीपर्यंत मोजतात, ते माप निम्मे, म्हणजे ६ सें.मी. येते. कोणते माप आहे हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

बारीक आसाच्या जाळ्यात पहिल्या दिवशी मासे जास्त दिसतात. पण ती संस्थेने सोडलेली बोटुकली व वाढता मासा असतो. हिरवे कणीस खुडून विकण्यासारखाच हा व्यवहार आहे. वर उल्लेखिलेल्या तरुणाच्या हाती वीतभर मासा येत होता त्याचे कारण हेच.

जाळे तयार करताना ताणून १०० मीटर भरणारी जाळी ५० मीटर दोरीवर सैल बांधतात. ताठ जाळ्याला मासा धडकून परत फिरतो, सैल जाळ्यात गुंततो.

जाळे कोठे व कसे लावावे

कटला पाण्याच्या वरच्या थरात, रोहू मधल्या थरात, तर मृगळ व सायप्रिनस तळाशी चरतात. त्यानुसार तरंगकांची व वजनांची संख्या कमी-जास्त करून जाळे वर किंवा खाली ठेवता येते. जाळे सायंकाळी लावून पहाटे काढावे. मासा चरण्यासाठी उथळ पाण्याकडे येण्याच्या वाटेवर, म्हणजे काठापासून आत आडवे लावलेले जाळे बहुधा चांगले लागते.

लावताना वाऱ्याच्या वरच्या बाजूने सुरुवात करावी. होडी वाऱ्याबरोबर सरकत जाते व जाळे आपोआप सुटत जाते. काढताना उलट करावे. वाऱ्याच्या खालच्या टोकापासून, होडीचे नाक वाऱ्याकडे ठेवून जाळे ओढावे. असे केल्याने होडी जाळ्यावर चढत नाही. जाळे घमेल्यात किंवा टोपलीत घडी करून ठेवावे, पायाजवळ मोकळे सोडू नये. धारदार चाकू नेहमी हाताशी असावा. जाळ्यात पाय गुंतला तर जाळे कापावे. जाळे पुन्हा घेता येते.

वारा, वीज आणि दरवाजे

पहिला हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच धरावा. या काळात वारा शांत असतो. एप्रिलपासून दुपारनंतर वळवाची वादळे येतात. लांब जलाशयावर वाऱ्याला मोकळी धाव मिळाली की काही मिनिटांत लाटा उठतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर वीज सुमारे १० कि.मी.च्या आत आहे असे समजून तत्काळ काठ गाठावा. विजेचा इशारा देणारे 'दामिनी' ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केले आहे, ते मोबाइलमध्ये ठेवावे.

धरणाच्या दरवाजांचे वेळापत्रक माहीत असावे. बाभळी बंधाऱ्याबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात दरवाजे उघडे ठेवावे लागतात व १ मार्चला ०.६ टी.एम.सी. पाणी खाली सोडावे लागते. अशा दिवसांच्या आसपास जाळी पाण्यात ठेवू नयेत. कोणत्याही धरणाच्या दरवाजांजवळ होडी नेऊच नये.

होडीत एकट्याने जाऊ नये, उभे राहू नये, दोघांनी एकाच बाजूला झुकू नये. प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जॅकेट असावे. पोहता येते म्हणून ते काढून ठेवू नये. होडी उलटली तर काठाकडे पोहत सुटण्याऐवजी होडीलाच धरून राहावे. काठ दिसतो त्यापेक्षा नेहमी दूर असतो.

विणीचा काळ पाळावा

पावसाळ्यात नवे पाणी आले की कटला, रोहू, मृगळ हे मासे प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने वर चढतात. त्यांची वीण वाहत्या पाण्यात होते. ओढ्याच्या मुखाशी त्या वेळी जाळे लावणे सोपे असते, पण अंड्यांनी भरलेली मादी मारणे म्हणजे बियाण्याचे धान्य दळून खाणे होय. विष व स्फोटके वापरून मासे मारण्यास भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम, १८९७ नेच मनाई केलेली आहे.

मासा आणि हिशेब

मासा काढताच सावलीत घ्यावा व स्वच्छ पाण्याने धुवावा. उन्हाळ्यात माशाच्या वजनाइतका बर्फ वापरावा. एका वहीत तारीख, जाळ्यांची संख्या, जागा, खोली, वारा व माशाचे वजन लिहावे. रोजच्या एकूण किलोवर न जाता एका जाळ्यामागे एका रात्रीत किती किलो आले हे काढावे. दोन हंगामांत आपल्या पाण्याचा स्वभाव या वहीत उतरतो.

तो तरुण आता बारीक आसाची जाळी वापरत नाही. गेल्या मे महिन्यात त्याने गाळपेऱ्यात चार दिवस पायी फिरून नकाशा काढला. पहिल्या वर्षी मासा कमी मिळाला तरी चालेल, पण होडी, जाळे आणि माणूस ही तिन्ही सुखरूप काठाला यावीत, हे पहिल्या हंगामाचे उद्दिष्ट ठेवावे. पुढचे शिक्षण पाणीच देते.